बापटचा काही नेम नाही

किस्से शोधत हिंडावं लागतं असं म्हणणाऱ्या माणसाला बहुधा मित्रच नसावेत. आम्हाला ॲरिझोनातल्या चँडलरमध्ये ते कधी शोधावे लागले नाहीत, कारण आमच्यात बापट होता. गराजमध्ये खोके कसे साचतात? कोणी मुद्दाम आणून ठेवत नाही, तरी साचतात. तसे बापटचे किस्से साचत गेले. आता गराज उघडलंच आहे तर चार खोके बाहेर काढतो.

बापट मूळचा पुण्याचा. चिप बनवणाऱ्या एका कंपनीत होता. दिवसभर मायक्रोस्कोपखाली बघायचं आणि धुळीचा एखादा कण सापडला की खूश व्हायचं, हे त्याचं काम. सावंत मुंबईचा, मी नागपूरचा. दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. ग्रीन कार्ड आलं की माणसं घर घेतात, गेलाबाजार मोठा टीव्ही तरी घेतात. बापटने रायफल घेतली!

कारण त्याची मुलगी रेवा. अमेरिकेत जन्मलेली, शाळेच्या रायफल टीममध्ये. घरात तिचं बोलणं म्हणजे "फाइन", "व्हॉटेव्हर" आणि खोलीचं दार बंद. पण शनिवारी सकाळी गावाबाहेरच्या शूटिंग रेंजवर गेलं की हीच पोरगी बापाशी तीन-तीन तास बोलायची. वारा किती, अंतर किती, गोळी किती खाली पडेल, सगळं. पुढच्या ऑगस्टमध्ये ती चार वर्षांसाठी कॉलेजला ईस्ट कोस्टला निघून जाणार होती. बापट एकदा मला म्हणाला, "यार, माझ्याकडे आता फक्त शनिवारच उरलेत." त्याला त्याचं फार वाईट वाटत होतं आणि ते तो लपवतही नव्हता.

मी तेव्हा एच-वन व्हिसावर. बंदुकीला हात लावायचे नियम इतके, की मी हात खिशातच ठेवले. थर्मासमधला चहा मात्र माझ्याकडे असायचा.

* * *

सुनीतावहिनींना रायफल घरात आलेली अजिबात आवडली नव्हती.

"अहो, तुमच्या घराण्यात कोणी साधा उंदीर तरी मारलाय का?" त्यांनी विचारलं.

"अगं, ऑलिंपिक स्पोर्ट आहे. कागदावर मारायचं असतं."

"कागदावरच मारायचं तर पंचिंग मशीन आणायचं की!"

सावंतला हे इतकं आवडलं, की त्यानं दिवाळीत बापटला खरंच पंचिंग मशीन प्रेझेंट दिलं.

* * *

आता खरी भानगड. रायफल आली, पण तिच्यावर लावायची दुर्बीण, म्हणजे स्कोप, ठरेना. रेवाला मे महिन्यातल्या क्लबच्या मॅचमध्ये सहाशे यार्डांवर नेम धरायचा होता. सहाशे यार्ड म्हणजे सहा फुटबॉल ग्राउंडं एकापुढे एक मांडा. बापटने तिला कबूल केलं होतं, "त्याच्या आत तुला चांगला स्कोप घेऊन देतो." हे कबूल केलं तेव्हा मॅचला दीड वर्ष होतं.

दीड वर्ष हा माणूस नुसता निवडत होता! चोवीसपट मोठं दाखवणारी पॉवर घ्यावी की बत्तीस? बत्तीस घेतली तर वजन वाढतं. काच मोठी घेतली तर रायफलवर उंच बसते. इंटरनेटवरच्या फोरमवर एकानं चांगला म्हटलेला स्कोप दुसऱ्यानं भंगार म्हटला, की बापटला जेवण जायचं नाही. दर शनिवारी नवीन मॉडेल. दर शनिवारी बापलेक टेबलावर डोकी जोडून बसायचे. रेवा म्हणायची, "बाबा, इतकी पॉवर नको." बापट म्हणायचा, "अगं, जास्त असलेलं कधीही बरं, कमी करता येतं!"

एकदा त्यानं डायनिंग टेबलावर वहिनींना पॅरलॅक्स समजावून सांगितला. अंगठा डोळ्यासमोर धरायचा, डोकं इकडेतिकडे हलवायचं, अंगठा सरकल्यासारखा वाटतो. वहिनींनी पाच मिनिटं निमूटपणे डोकं हलवलं. मग म्हणाल्या, "मला बघायला आलात तेव्हा पोहे संपायच्या आत हो म्हणालात. आणि या नळीला दीड वर्ष?"

बापट सहज बोलून गेला, "तेव्हा रिव्ह्यूज कुठे होते?"

पुढचे चार दिवस त्याच्या डब्यात नुसता दहीभात होता. तोही आदल्या रात्रीचा.

* * *

मग आम्ही त्याला दुकानात नेलं. म्हटलं, एकदाचा हातात घे आणि संपव. त्या दुकानात नुसता स्कोप हातात घेऊन दारात उभं राहून बघू द्यायचे. रायफल वगैरे काही नाही, नुसती नळी. पार्किंग लॉटपलीकडे आपलं इंडियन ग्रोसरी. बापटने तिकडे स्कोप लावला आणि रिंग फिरवत रनिंग कॉमेंट्री सुरू केली.

"पाटी दिसतेय... अक्षरं एकदम शार्प... काउंटरवरचा गणपती दिसतोय... अरे, ही तर सुनीता!"

वहिनी फ्रीझरपाशी उभ्या होत्या. कॉमेंट्री तिथेच तुटली. सावंतनं विचारलं, "काय झालं?" सावंतनं स्कोप हिसकावून घेतला आणि बघून कुजबुजला, "आयला, फ्रोझन पुरणपोळ्या! चांगली चार पाकिटं!"

वहिनींच्या हातच्या पुरणपोळीचं अख्ख्या चँडलरमध्ये नाव होतं. आम्ही दर होळीला तुटून पडायचो आणि रेसिपी विचारायचो. त्या म्हणायच्या, "हाताची चव असते, भाऊजी, ती सांगून येत नाही."

दुकानदारानं बापटला विचारलं, स्कोप कसा वाटला? बापटने तो अलगद काउंटरवर ठेवला.

"टू क्लिअर," तो म्हणाला.

त्या दुकानदाराकडे अशी तक्रार पहिल्यांदाच आली असावी. होळीला बापटने तीन पोळ्या खाल्ल्या आणि म्हणाला, "घरची ती घरचीच!" आम्ही दोघांनी ताटातून मान वर केली नाही.

* * *

रेंजवर आमच्या शेजारच्या टेबलावर एक म्हातारा बसायचा. मोठी टोपी, कानांवर इअरमफ, कोणाशी बोलणं नाही, चालणं नाही. आम्ही त्याला जरा टरकूनच असायचो.

एका शनिवारी रेवा रायफलमागे आडवी आणि बापट तिच्या मागे उकिडवा बसून सूचना देत होता. "घाई नको. श्वास सोड. नेम, रेवा, नेम! अगं, नेम!" असं सकाळपासून चाललेलं.

म्हाताऱ्यानं शेवटी इअरमफ काढला, वळला आणि म्हणाला, "गॅरी."

"एक्स्क्यूज मी?" बापट म्हणाला.

"माझं नेम. गॅरी. सकाळपासून विचारतो आहेस."

रेवानं रायफल खाली ठेवली आणि जमिनीवर पडून हसली. पोरगी बापासमोर इतकी हसलेली मी तरी पहिल्यांदाच पाहिली. तेव्हापासून गॅरी आमचाच झाला. चहा प्यायला लागला, आलं जास्त घाला म्हणायला लागला. आणि बापटच्या तोंडून 'नेम' निघाला रे निघाला, की शेजारून हजेरी दिल्यासारखा आवाज यायचा, "गॅरी!"

* * *

त्या हिवाळ्यात बापटच्या आई, म्हणजे रेवाच्या आजी, पुण्याहून आल्या. शनिवारी घरी एकट्या कशाला, म्हणून त्यांनाही रेंजवर आणलं. नऊवारी, वर बापटचं जॅकेट, पायात रेवाचे स्नीकर्स. गॅरीनं उठून त्यांना स्वतःची फोल्डिंग खुर्ची दिली.

आजींना गॅरीच्या स्कोपमधून टार्गेट दाखवलं. त्यांनी एक डोळा हातानं झाकून नीट बघितलं.

"अरे अविनाश, याला तर भोकं पडलेलीच आहेत की! आता परत कशाला मारता?"

गॅरीला भाषांतर करून सांगितलं तर तो म्हणाला, त्याची बायकोही वीस वर्षं हेच विचारते आहे.

आम्ही सँडविच काढले. आजी म्हणाल्या, "मला नको. शनिवारी एकच वेळ जेवते मी. माझा नेम आहे."

रेवा थांबली. "वेट. आजी, नेम मीन्स एम ना? बंदुकीचा?"

"तोही नेमच. आणि दर शनिवारी न चुकता करायचं तोही नेमच."

"सेम वर्ड? दॅट्स सो कन्फ्यूजिंग!"

"कन्फ्यूज काय व्हायचंय त्यात?" आजी म्हणाल्या. "दोन्ही चुकवायचे नसतात, एवढं लक्षात ठेव."

"आणि बापटचा काही नेम नाही म्हणतात, तो तिसरा," सावंतनं मध्येच घातलं. त्याचं मात्र आजींनी काही ऐकून घेतलं नाही.

* * *

एप्रिल संपत आला तरी स्कोप नाहीच! शेवटी रेवानं टेबलावर हात आपटला. "बाबा, पिक वन! नाहीतर मी गॅरीचा घेते."

हे बापटला लागलं. दुसऱ्या दिवशी त्यानं देवाला नमस्कार केला आणि बत्तीस पॉवरचा घेतला. घरी आणला तेव्हा वहिनींनी स्कोपला हळदकुंकू लावलं. "माझी सवत आली," म्हणाल्या, पण लावलं.

मॅचच्या दिवशी सकाळी दहालाच ऊन रणरणत होतं. रेवानं डोळा लावला, रिंग बत्तीसवर नेली आणि तशीच थांबली. वाळूवरून गरम हवा अशी उसळत होती, की सहाशे यार्डांवरचं टार्गेट तळ्यात पडल्यासारखं हलत होतं. पॉवर जितकी जास्त, तितकं हे जास्त दिसतं. शाळेत निबंधात 'मृगजळ' शब्द घालून मार्क मिळवलेले आम्ही. पण ते बत्तीसपट मोठं करून विकत आणणारा बापटच!

रेवानं शांतपणे रिंग मागे फिरवली. बत्तीस, चोवीस, अठरा. बारावर थांबली.

बापट मागून कळवळला, "अगं, बारा? बारा तर सावंतच्या बर्ड वॉचिंगवाल्या दुर्बिणीत पण आहे!"

"बाबा, थर्टी-टूवर मला सगळं दिसतं. फक्त टार्गेट दिसत नाही."

बारावर मारून ती तिसरी आली. बापटने पेढे वाटले. गॅरीनं दोन खाल्ले आणि विचारलं, "हे त्या बारासाठी, की उरलेल्या वीससाठी?"

* * *

ऑगस्टमध्ये रेवा गेली. एअरपोर्टवर बापट रडला. सिक्युरिटीच्या लायनीत, सगळ्यांसमोर. वहिनींनी रुमाल पुढे केला तर म्हणाला, "एसीचा त्रास होतोय."

तरी शनिवारी तो रेंजवर येतच राहिला. रायफलची बॅग गाडीतून काढायचा, टेबलावर ठेवायचा आणि तिची चेन उघडायचाच नाही. नुसता चहा प्यायचा. सावंत जोक करून करून थकला. मी एकदा म्हटलं, "काऊन ठेवतो रे बाप्पा, विकून टाक हे सगळं." तो म्हणाला, "टाकतो. आता काय करायचंय? रेवा घरी फोन करते रविवारी, तर आईशी दहा मिनिटं, माझ्याशी 'आय ॲम फाइन'." मला खरंच कणव आली त्याची.

सप्टेंबरमधला एक शनिवार. सकाळचे आठ. बापटच्या खिशातला फोन वाजला. रेंजवर सिग्नलची दांडी एकच, म्हणून त्यानं फोन टेबलावर ठेवला आणि स्पीकर लावला.

"बाबा?" रेवाचा आवाज. "रेंजवर आहेस ना?"

"आहे. काय झालं? बरी आहेस ना? पैसे हवेत का?"

"ऐक ना. आय वॉज थिंकिंग." मग एकदम मराठीत, एकेक शब्द जुळवत, "आपण चुकीचा स्कोप घेतला."

आम्ही सगळे बापटकडे बघायला लागलो. चूक होऊ नये म्हणून या माणसानं दीड वर्ष झोप घालवली होती.

"चुकीचा?" बापट म्हणाला.

"टोटली चुकीचा. पहिल्यापासून बघावं लागेल. तू या वीकमध्ये वाच, मी पण वाचते. मग शनिवारी आपण बोलू."

बापटने खुर्ची पुढे ओढली. बॅगेची चेन उघडली. "हे बघ, घाईत नाही घ्यायचा या वेळी. किती वेळ लागेल, काय वाटतं तुला?"

ती म्हणाली, "चार वर्षं तरी."

"हो. तेवढी लागतीलच," बापट म्हणाला. त्याचा आवाज घोगरा झाला होता, आणि तिथे तर एसी नव्हता.

"मग नेक्स्ट सॅटरडे, एट ओ'क्लॉक. आणि बाबा, नेम चुकवायचा नाही हं. नेम!"

शेजारच्या टेबलावरून आवाज आला, "गॅरी!"