ट्रॅक्टरची म्होरकी

बुरुल घरच्या गाईचं दूधसुद्धा आधी वास घेऊन मगच पीत असे. तलासच्या खोऱ्यात तिचा चार एकर राजमा होता, आणि गावात तिच्या संशयाचे किस्से राजम्यापेक्षा जास्त पिकत. पण मागच्या साली बिचारीचं तोंड खरंच पोळलं होतं. ताज्या निळ्या रंगाला भुलून तिने एक जुना ट्रॅक्टर घेतला. आठ दिवसांत इंजिन बसलं, कोळपणी राहिली आणि राजमा तणात बुडाला.

यंदा तिने दुसऱ्या ट्रॅक्टरसाठी घोडी विकली. हाही फसवा निघाला तर विकायला दारात काही उरलं नव्हतं. घोडीच्या तोंडावरची चामडी म्होरकी तेवढी तिने काढून घेतली. जनावराबरोबर म्होरकी दिली की घरची बरकतही जाते, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. अपशकुनी जनावर असलं तरच मालक म्हणतो, घेऊन जा म्होरकीसकट.

शेरगाझी म्हाताऱ्याच्या अंगणात दोन सिलिंडरचा छोटा ट्रॅक्टर उभा होता. रंग पार उडालेला. बुरुलला तेवढं बरं वाटलं. सलाम करता करताच तिने इंजिनावर तळवा ठेवला.

“काय गं, ताप बघतेस?” म्हातारा म्हणाला.

“आधी तापवून ठेवलं की कुणाचंही सुरू होतं, काका.”

“माझा बर्फातही सुरू होतो.”

“मागचा विकणाराही असंच म्हणाला होता. तोही रोटीवर हात ठेवून, शपथेवर!”

इंजिन गार होतं, तरी दुसऱ्या झटक्याला सुरू झालं. धूर काळा आला आणि लगेच निवळला. तिने तेल बोटांवर चोळून पाहिलं, त्यात पाणी नव्हतं. मग मागचं कोळपं लिफ्टवर उचलायला लावून तिने इंजिन बंद करवलं.

“आता चहा पाजा. चहा संपेपर्यंत कोळपं खाली आलं, तर लिफ्ट गळकी; मग मी चालले.”

रोटी आणि जर्दाळूच्या मुरंब्याबरोबर तीन वाट्या चहा झाला. कोळपं बोटभरही उतरलं नाही. बुरुलचा जीव आणखीच खालीवर झाला. एवढा चांगला, तर विकतो कशाला? नक्की कुठेतरी पाणी मुरतंय!

सौदा ठरला. स्टीअरिंगला एक जुनी चामड्याची म्होरकी बांधलेली होती. म्हातारा ती सोडून खिशात घालणार, हे ती धरूनच चालली होती. त्याने ती सोडली आणि तिच्यापुढे धरली.

“ही पण ने.”

बुरुल दोन पावलं मागे सरली. “म्होरकीसकट? काय केलंय यानं? कोण मेलं याच्याखाली?”

“तोंड सांभाळ!” म्हातारा कडाडला. मग पायरीवर बसला आणि म्होरकी चाचपत राहिला. “माझ्या शेवटच्या घोड्याची आहे. म्होरकी ठेवायची ती पुढच्या जनावरासाठी ना? मुलगा शहरात नेतोय मला. सातव्या मजल्यावर. तिथं काय बांधू?”

बुरुलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सकाळपासून ती तेलात पाणी शोधत होती, आणि म्हाताऱ्याच्या डोळ्यांतलं तिला दिसलं नव्हतं. तिने पैसे त्याच्या हातात दिले. म्होरकी मात्र त्याच्याच मांडीवर ठेवली.

“तिथल्या भिंतीत खिळा ठोका, काका. कुणी सांगावं, येईल घोडा.”

“सातव्या मजल्यावर?”

“लिफ्ट असेल ना?”

म्हातारा हसला आणि त्याने बाहीने नाक पुसलं.

ट्रॅक्टर रस्त्याला लागल्यावर बुरुलने वळून पाहिलं. कोळपं जागेवर होतं. म्हातारा फाटकात उभा होता, आणि रिकामी म्होरकी त्याने दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.