कीबोर्डावरची बैलजोडी

नव्वदीच्या शेवटाला सांगलीत माझा एक स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे पिठाच्या गिरणीवरची खोली, भिंतींना गोणपाट, आणि मधोमध पेटीसारखा कीबोर्ड जोडलेला नवाकोरा कॉम्प्युटर. त्यात कीबोर्डावर वाजवता येतील असे शेकडो आवाज होते. व्हायोलिन होतं, बासरी होती. कुणा परदेशी भल्या माणसानं हेलिकॉप्टर, बंदुकीची गोळी आणि प्रेक्षकांच्या टाळ्यासुद्धा घातल्या होत्या. बैलांची घुंगरमाळ तेवढी नव्हती.

आणि मला नेमकी तीच हवी होती. माण तालुक्यातली एक बाई माहेरी निघालेल्या बैलगाडीचं गाणं घेऊन आली होती. आवाज असा, की खालची गिरणी आपणहून गप्प बसावी. तिचं हे पहिलंच गाणं कॅसेटवर जाणार होतं, पण कॅसेटवाल्यानं बजावलं होतं, "गाडी ऐकू आली तर गाणं घेईन. डबडं वाजलं तर परत." तो त्याच दुपारी येणार होता.

बाईंचा माझ्या कॉम्प्युटरवर काडीचा भरवसा नव्हता. घरच्या बैलांच्या दोन घुंगरमाळा त्यांनी पिशवीतून आणल्याच होत्या. सोबत फौजेतून सुट्टीवर आलेले त्यांचे यजमान.

बेत सोपा होता. माळेचा आवाज थोडासा टिपायचा, कॉम्प्युटरमध्ये घालायचा आणि कीबोर्डाच्या एका पट्टीवर बसवायचा. पट्टी दाबली की गाडी धावेल, सोडली की थांबेल. मी माळ माइकपुढं हलवली.

"ही तर आरती चाललीया," बाई म्हणाल्या.

खरंच होतं. मग मी माळ स्वतःच्या गळ्यात घातली आणि माइकभोवती दुडक्या चालीनं धावलो. शिंगं नव्हती एवढंच. टिपलेलं ऐकवलं.

"गाण्यात जोडी हाय, दादा. दुसरा बैल बाजाराला गेला काय?"

दुसरी माळ यजमानांच्या गळ्यात गेली. माइकचा जादा स्टँड आडवा करून दोघांच्या खांद्यांवर जू ठेवलं. निघालो. पण गडी फौजी! माझा पाय कुठंही पडो, तो आपला पाय त्याच्याशी मिळवायचा. दोन्ही माळा एकदम वाजायच्या. खण्ण, खण्ण. बैल परेडला निघाले होते.

"आवं, पाय मिळवू नका की!"

"न मिळवता चालताच येत न्हाई मला."

आम्ही पुन्हा पुन्हा धावलो. मी मुद्दाम लंगडलो, तर तेही त्याच ठेक्यात लंगडले. कॅसेटवाला यायची वेळ झाली. बाईंचा चेहरा उतरला, आणि मग एकाएकी त्यावर काहीतरी चमकलं.

"दादा, रेकॉर्डिंग चालू करा," त्या म्हणाल्या. आम्ही निघालो तशा यजमानांकडं बघून गोड आवाजात बोलल्या, "तुमच्या थोरल्या भणीला मी सांगावा धाडलाय. यंदा जत्रंला येऊ नका म्हणून."

फौजीची पावलं सैरभैर झाली! एक लांब, एक आखूड, एक चुकलेलं. माळा पुढंमागं किणकिणू लागल्या. खरीखुरी जोडी, खरीखुरी माणची वाट!

"खरंच सांगावा धाडलास?" थांबल्यावर त्यांनी विचारलं.

"न्हाई. पण पाय चुकला का न्हाई?"

बाईंचा आवाज मी माउसनं कापून टाकला आणि उरलेल्या तुकड्याचा शेवट सुरुवातीला असा जोडला, की बैल कुठं ठेचकाळू नयेत. वरची पट्टी दाबली तर तोच आवाज वेगानं वाजून वासरं उधळायची, खालची दाबली तर संथ होऊन म्हातारे बैल चढ चढायचे. मधली पट्टी मात्र अस्सल.

कॅसेटवाला आला, डोळे मिटून बसला. बाई गायल्या, मी मधली पट्टी दाबून धरली. कडवं संपताना तो उठला, खिडकीशी गेला आणि खाली वाकून बघू लागला. गिरणीपुढं एक सायकल तेवढी उभी होती.

तो वळला. "घेतलं गाणं. पण बैल कुणाचे?"

"एक माझा," बाई म्हणाल्या, "आणि एक ह्या स्टुडिओचा."

मी कीबोर्डाकडं वळलो. टाळ्यांचा आवाज लावला, पट्टी दाबली आणि बराच वेळ सोडलीच नाही.