अंगठा फोनवर मिळणार नाही

आमच्या दूध संघात कालचं काही आज ठेवत नाहीत. दूध जातं, ताक जातं, कॅनसुद्धा धुऊन पालथे पडतात. साठतात ते फक्त किस्से, आणि त्यातले निम्मे आमच्या कॉम्प्युटर विभागाच्या पाटील मॅडमचे.

सांगलीचं ऑफिस आणि गावोगावची सेंटर्स इंटरनेटवरूनच, पण खाजगी वाटेनं जोडायची, म्हणजे व्हीपीएन करायचं, हे काम त्यांच्याकडे आलं. प्रत्येक सेंटरनं आपली गुप्त किल्ली आपल्याच कॉम्प्युटरवर बनवायची आणि तिथंच ठेवायची. मॅडमकडे फक्त विनंती पाठवायची. त्या डिजिटल सही करून सर्टिफिकेट देणार.

आष्ट्याच्या सेंटरच्या अण्णांनी पहिल्याच दिवशी ती किल्लीच व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली, खाली हात जोडून!

मॅडमचा लगेच फोन. "अण्णा, सही पाहिजे म्हणून अंगठा कापून पाठवताय व्हय?"

ती किल्ली बाद झाली, अण्णांनी नवी केली. तेव्हापासून आमच्यात गुप्त किल्लीला कुणी किल्ली म्हणत नाही, अंगठाच म्हणतात.

* * *

पुढं ऑडिटर आले. "आष्ट्याचा अंगठा बदलला," असं मी सहज बोललो. ते चहा सोडून शेजारी बसलेल्या अण्णांच्या हाताकडे बघायला लागले.

अण्णा म्हणाले, "काय दुखत न्हाई साहेब."

* * *

चेअरमनसाहेबांना हा सगळा खटाटोप वाटायचा. "एकच किल्ली करा आणि वाटा सगळ्यांना."

मॅडम म्हणाल्या, "साहेब, गोठ्यातल्या सगळ्या म्हशींच्या कानात एकाच नंबरचा बिल्ला मारला, तर आजारी कुठली ते कसं कळायचं?"

साहेबांच्या घरी म्हशी आहेत. त्यांना ते पटलं. पण जाता जाता म्हणाले, "रहिमतपूरच्या नव्या सेंटरच्या उद्घाटनाला लाईन चालू दिसली न्हाई, तर हे काम पुण्याच्या कंपनीला देणार."

* * *

सही करायचा लॅपटॉप मॅडम कधीच इंटरनेटला जोडत नाहीत. त्याचा पासवर्डही दोन तुकड्यांत. एक त्यांच्याकडे, दुसरा मेढ्याच्या सेंटरच्या जाधवांकडे. जाधव पूर्वी फौजेत सिग्नलला, म्हणजे गुप्त संदेशांच्या कामावर होते. "एकट्याच्या हातात शिक्का नको, माझ्यासुद्धा," असं मॅडम म्हणतात. मला त्या बाईंचं खरं कौतुक वाटतं ते इथं.

उद्घाटनाच्या दिवशी रहिमतपुरात मांडव भरला, तिथल्या सर्टिफिकेटवर सही करायला मॅडम तो लॅपटॉप घेऊन बसल्या, साहेब नारळ घेऊन उभे, आणि जाधवांची गाडी वाटेत पंक्चर. साहेबांनी फोन स्पीकरवर टाकला.

"जाधव, चेअरमन बोलतोय. तुमचा तुकडा सांगा."

"आवाज वळकला साहेब. पर फोनवर न्हाई."

साहेबांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमच्या हातचं काम त्या नारळावर टांगलेलं होतं. मॅडमनी फोन हातात घेतला.

"जाधव, मी पाटील. मी सांगते, द्या."

"मॅडम, तुमी मागितलं तरी द्यायचं न्हाई, असं तुमीच सांगितलंय." आणि फोन कट.

मांडवात सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मॅडम तेवढ्या गालात हसत होत्या.

पाहुण्यांना दुसऱ्यांदा मसाला दूध फिरलं, तेव्हा कुठं जाधव पोचले. हेल्मेट काखेत धरून, सगळ्यांकडे पाठ करून त्यांनी आपला तुकडा टाईप केला, मग मॅडमनी आपला. सही झाली, लाईन लागली, सांगलीची माणसं पडद्यावर दिसली.

साहेबांनी हातातला नारळ मॅडमच्या हातात दिला. मग जाधवांच्या खांद्यावर हात ठेवला.

"जाधव, अंगठा जागेवर हाय न्हवं?"

"हाय साहेब. दोन्ही."