गुरुवारची चिठ्ठी

नोकरीत हाताळलेले बरेच गुन्हे आता एकमेकांत मिसळून गेलेत. हे एक प्रकरण मात्र जसंच्या तसं आठवतं. रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका ठाण्याचा मी प्रभारी अधिकारी होतो. दिवेआगरच्या बाजूच्या वाड्या आमच्या हद्दीत येत.

एका सकाळी बाजारातले एक औषध दुकानदार आले आणि त्यांनी टेबलावर तीन चिठ्ठ्या ठेवल्या. नावं तीन रुग्णांची, डॉक्टर एकच, आणि तिन्हींवर एकच औषध: अफूच्या जातीची तीव्र वेदनाशामक गोळी. अक्षर डॉक्टरांचंच वाटत होतं, पण खरा संशय तारखेचा होता.

"साहेब, ही चिठ्ठी गुरुवारची आहे. डॉक्टरांचा दवाखाना गुरुवारी बंद असतो."

चिठ्ठी आणणाऱ्याला त्यांनी माल उद्या येईल असं सांगून परत पाठवलं होतं. पर्यटकांना नशेच्या गोळ्या विकणारी टोळी असावी, असा माझा अंदाज. दुसऱ्या दिवशी साध्या वेशातले दोन शिपाई दुकानात बसवले आणि माणूस हाती लागला. चाळिशीचा, झाडावर चढून नारळ-सुपारी उतरवणारा.

चौकशीत तो आधी शेजाऱ्यांसाठी गोळ्या नेतो म्हणाला. विकणारा माणूस अधिकाऱ्याचा चेहरा वाचतो, याला किती माहीत आहे ते ताडत असतो. हा मात्र टेबलावर ठेवलेल्या गोळ्यांच्या पाकिटाकडेच बघत होता. नाक वाहत होतं, सारख्या जांभया येत होत्या, भर उकाड्यात हातावर काटा होता. हवालदारांना ते नाटक वाटलं. मी खुर्ची जवळ ओढली आणि गोळ्या कुणाला विकतोस, एवढंच विचारलं.

"विकत न्हाय, सायेब. मीच खातो. न्हाय खाल्ली तर अंग मोडून पडतं."

घरझडतीत डॉक्टरांच्या कोऱ्या चिठ्ठ्यांचं पॅड आणि डबाभर रिकामी पाकिटं मिळाली. विक्रीचा माल नव्हता, दुसऱ्या कुणाचा माग नव्हता. टोळीचा माझा अंदाज तिथेच संपला.

अटकेनंतर तपासणीसाठी त्याला ग्रामीण रुग्णालयात नेलं. तिथल्या तरुण वैद्यकीय अधिकारी बाईंनी त्याला तपासलं आणि गोळी अचानक बंद झाल्याचा हा त्रास आहे, असं सांगितलं. ही औषधं वाईट नाहीत, त्या म्हणाल्या. पण देण्यापूर्वी आधीची व्यसनं, चालू औषधं विचारावी लागतात. थोड्याच दिवसांची द्यायची, पुन्हा तपासल्याशिवाय वाढवायची नाहीत, आणि बंद करायची तर हळूहळू उतरवायची. त्याला हे कुणी सांगितलं होतं का, असं त्यांनी विचारलं. त्याने नकारार्थी मान हलवली.

मग चिठ्ठ्यांवर ज्यांचं नाव होतं त्या डॉक्टरांचा जबाब घेतला. सचोटीचे, पंचक्रोशीत मान असलेले गृहस्थ. सोबत त्यांनी रुग्णांची वही आणली होती. झाडावरून पडून हा माणूस आला, तेव्हाची तपासणी नीट लिहिलेली होती. पुढे वर्षभर प्रत्येक भेटीला एकच शब्द: 'तेच'. गर्दीच्या वेळी कंपाउंडरच तेवढं लिहून चिठ्ठी पुढे करी. मग हा माणूस जास्त गोळ्या मागू लागला, तेव्हा डॉक्टरांनी नशेबाज म्हणून चारचौघांत हाकलून दिलं. जाताना त्याने पॅड उचललं.

वहीची पानं उलटता उलटता डॉक्टर थांबले.

"सवय मीच लावली आणि मीच हाकललं," ते म्हणाले. "हेही जबाबात लिहा."

मी लिहिलं. चिठ्ठ्या खोट्या होत्या, त्यामुळे दोषारोपपत्र दाखल करावंच लागलं. दरम्यान त्या माणसाने व्यसन सोडवण्याचे उपचार पूर्ण केले होते, ते पाहून न्यायालयाने चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर त्याला सोडलं. झाडावर चढणं सुटलं. वाडीत बसून सुपारी सोलतो, असं कानावर आलं.

माझ्या लेखी प्रकरण संपलं होतं. मी हद्दीतल्या सगळ्या औषध दुकानदारांची बैठक घेऊन या गोळ्यांवरून चांगलाच दम भरला होता, आणि त्याचा मला अभिमानही होता. त्या बैठकीनंतर दोन महिन्यांनी एका आतल्या गावातल्या बाई ठाण्यात आल्या. नवऱ्याला कर्करोग. मुंबईच्या रुग्णालयाची खरी चिठ्ठी हातात होती, पण एकाही दुकानात ती गोळी मिळेना. सगळ्यांनी ठेवणंच बंद केलं होतं.

"पोलिसांची भीती वाटते म्हणतात. म्हणून तुमच्याकडंच आले, साहेब. चार दिवस ते पाठ टेकू शकले न्हाय."

त्यांना गाडीत बसवून ग्रामीण रुग्णालयात नेलं, गोळ्यांची सोय केली. त्या आठवड्यात दुकानदारांना पुन्हा बोलावलं, या वेळी वैद्यकीय अधिकारी बाईंना सोबत घेऊन. खरी चिठ्ठी कशी पडताळायची, नोंद कशी ठेवायची, शंका आली तर डॉक्टरांना फोन कसा करायचा, हे त्यांनी समजावलं. आमचे डॉक्टरही शेवटच्या रांगेत बसून लिहून घेत होते. मी त्या दिवशी फक्त ऐकलं.

गुन्हा शोधताना मी एकाचं दुखणं ओळखायला उशीर केला, आणि गुन्हा सुटल्यावर दुसऱ्याचं दुखणं वाढवलं. वर्दीतल्या माणसाचा शब्द किती लांब पोचतो, ते मला तोवर नीट कळलं नव्हतं.

काही दिवसांनी त्या बाई बाजाराला आल्या असताना ठाण्याच्या दारात थांबल्या. नवरा फार दिवसांचा सोबती नाही, हे त्यांना माहीत होतं. तरी त्या समाधानाने म्हणाल्या, "काल ओटीवर बसून जेवले. आमटी आळणी झाली म्हणून माझ्यावर रागावले."