ऐंशी सालचे टिकाऊ अल्बम

चहा आधी घशाखाली उतरू द्या, मग सांगतो. नाहीतर हसताना नाकातून यायचा! कारण पळसदरीला मी जी माती खाल्ली, तेवढी अख्ख्या कर्जत-खालापुरात कुणी खाल्ली नसेल. आणि मी म्हणजे कोण? जन्मभर दुसऱ्यांच्या टोप्या उडवणारा दत्तू! सातवीत शाळेने मला सोडलं की मी शाळेला, यावर अजून एकमत झालेलं नाही.

पण ऐंशीच्या सालात माझा लाऊडस्पीकर भाड्याने जायचा, बरं का. कळंबपासून खालापूरपर्यंत ज्यांची लग्नं लागली, त्यातल्या निम्म्यांच्या कानात माझाच भोंगा वाजलाय. काही नवऱ्यांना तर तेव्हापासून बायकोचं ऐकू येत नाही. त्याचं पुण्य माझ्या खात्यावर!

हे कुणीतरी पळसदरीच्या रेवतीच्या कानावर घातलं. रेवती म्हणजे मूळची ठाण्याची पोर. धरणाकडच्या रस्त्याला कोंबड्यांची एक जुनी शेड तिने भाड्याने घेतली, रंगवली आणि कॉफीचं हॉटेल काढलं. रंग झकास, कॉफी झकास. गिऱ्हाईक? अहो, कोंबड्या होत्या तेव्हा जास्त वर्दळ होती! शेवटी तिच्या वडलांनी तिला बजावलं, "या रविवारी मी स्वतः येऊन बघतो. शेड भरली तर ठीक. नाहीतर सामान गाडीत टाकायचं आणि तू घरी यायचंस."

पोरीचा जीव टांगणीला. तिने मला फोन लावला.

"दत्तूकाका, रविवारी ऐंशीच्या दशकाची संध्याकाळ ठेवलीय. तेव्हाचे लोकप्रिय अल्बम हवेत. पण असे, की आजही ताजे वाटले पाहिजेत!"

आता तुम्हीच सांगा, अल्बम म्हणजे काय? आमच्याकडे गाण्याची ती कॅसेट. अल्बम म्हणजे लग्नाचा! जाड पुठ्ठ्याचा, दोन पानांच्या मध्ये तो पातळ कुरकुरीत कागद, आणि पहिल्याच फोटोत नवरा-नवरी बदामात कोंबलेली. दुसरा अल्बम आमच्या पाहण्यात नाही.

"माझा एक हाय," मी म्हणालो. "बाकीचे गोळा करतो."

"पण निवडक हं, काका! ज्यांची गावागावांत हवा होती, तेच."

"वट असलेलेच आणतो गं. कवर फाटकं असंल तर?"

"उलट मजा! आतलं चांगलं असलं की झालं."

"काही जोड्यांतला एकेक वारलाय, बरं का."

ती हळहळली. "हो ना. पण काका, एक गेला तरी जोडीने केलेलं काम मागे राहतंच की!"

"ऱ्हातंय तर! कुनाचं तीन, कुनाचं चार. एकाचं तर कल्यानला रिक्षा चालवतंय!"

पलीकडे रेंज गेली होती की काय देव जाणे. "भारी!" म्हणाली आणि फोन ठेवला.

मी निघालो अल्बम गोळा करायला. पहिला भिसेगावात बबनकडे. बबन आमचा माजी सरपंच. वट अशी, की अजूनही स्वतःच्या घरात शिरताना नमस्कार करत शिरतो.

"अल्बम कशाला रं, दत्तू?"

"पळसदरीला शेरातली लोकं बघनार हायत. ऐंशी सालातलं कोन कोन अजून टिकलंय, ते."

इथे थांबलो असतो तर भागलं असतं. पण जिभेला खाज! म्हणालो, "पयल्या नंबराचा सत्कार हाय. जोडीनं यायचं, लग्नातल्या कापडात."

साफ थाप! म्हटलं, बबन तेवढा फसेल, दोन दिवस मजा येईल. पण बबनची हिराबाई आतून ऐकत होती. माझी स्कुटी कळंबला पोचायच्या आधी बातमी तिथे पोचून चहा पिऊन बसलेली! कर्जतच्या बाजारात केसांचा काळा रंग मिळेना. बबनने लग्नातला कोट चढवला, तर बटण सुटून थेट ट्यूबलाईटवर. आमचा रफिकभाई, एकेकाळचा कॅसेटवाला आणि आता मोबाईलची कव्हरं विकणारा, त्याने तर झुबेदाभाभीचा शरारा इस्त्रीला दिला. सगळे मलाच विचारू लागले, "दत्तू, आमचा नंबर लागंल ना रं?" मी आपला गालातल्या गालात हसतोय.

रविवार उजाडला. दुपार कलली तसा जोड्यांनी भरलेला टेंपो घेऊन मी शेडवर थडकलो. शालू, कोट, फेटे, एकाने तर मुंडावळ्यासुद्धा बांधलेल्या! प्रत्येकाच्या काखेत अल्बम.

आत बघतो तर शहरातली पाच-सहा पोरंपोरी बसलेली, मध्ये टेबलावर एक टेपरेकॉर्डर. कोपऱ्यात रेवतीचे वडील, हाताची घडी घालून. बाहेर त्यांची गाडी, डिकी उघडीच.

रेवती धावत आली. "काका, आलात! अल्बम कुठेत?"

"हे काय! आनि मालकांसकट आनलेत."

तिने वरचा अल्बम उघडला. बदामातली हिराबाई. पान उलटलं. हिराबाई बबनला घास भरवतेय. पोरगी माझ्याकडे बघते, फोटोकडे बघते.

"काका... गाणी?"

"फोटोत गानी असत्यात व्हय गं?"

रफिकभाईने कपाळावर हात मारला.

"अरं येड्या, शेरात गान्याच्या कॅसेटीलाच अल्बम म्हनतात! कंपनीची मानसं माझ्या दुकानात हाच शबुद बोलायची."

"मंग मला कदी बोलला नाय?"

"तुला काय बोलू? तू कॅसेट मागायचास ती रंगावरनं! 'रफिक, ती हिरवी दे, रफिक, ती होडीवाली दे!'"

मागे बबन गरजला, "मंजे सत्कार नाय?"

रेवतीचे डोळे भरले. तिच्या वडलांनी खिशातून गाडीची किल्ली काढली आणि उठले. "चल बाळा. आवरायला घे."

खरं सांगतो, इतक्या लोकांच्या टोप्या उडवल्या, पण अशी नजर चुकवायची वेळ कधी आली नव्हती.

पण हिराबाईला याचं काय? ती एका शहरातल्या पोरीला धरून अल्बम दाखवत बसलेली. "ही बघ माझी हळद. तवा हळदीच्या गान्यांची ती हिरवी कॅसेट या दत्तूनं एवडी वाजवली, एवडी वाजवली, शेवटाला टेप गुतली! मंग आमीच म्हनली पुडची गानी." आणि तिने सूर लावला. झुबेदाभाभीने दुसरी ओळ उचलली. तिसऱ्या ओळीला सगळ्या बायका! त्या शहरातल्या पोरीने मोबाईलवर तीच कॅसेट शोधली, स्पीकरला जोडली. आवाज खरखरीत, पेटी जरा बेसूर, पण कुणाचे पाय जाग्यावर राहिले असतील तर शपथ!

मग काय, पान उलटायचं आणि त्या फोटोच्या वेळी काय वाजत होतं ते लावायचं. तिथे आम्हाला निकाल कळला. वरातीत डिस्कोच्या ज्या कॅसेटवर बबनने मांडवाचा खांब पाडला होता, ती लावली तर मिक्सरमध्ये शेंगदाणे फिरवल्यासारखं घरघरायला लागली. बबनच म्हणाला, "बंद कर रं, यावर नाचलो मी? लाज वाटतीय." होडीवाली कोळीगीतं मात्र ढोलकी पडल्याबरोबर ताजी फडफडीत! रफिकभाईच्या निकाहातली कव्वाली लागली. त्यातलं सामान काय? पेटी, ढोलक आणि टाळ्या. टाळी कधी म्हातारी होते का हो? मला तर वाटतं, ज्या कॅसेटीने ऐकणाऱ्याला मध्ये तोंड घालायला जागा ठेवली, ती टिकली. जी एकटीच किंचाळत सुटली, ती संपली.

रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या थांबायला लागल्या. शेडमध्ये बसायला जागा उरली नाही, रेवतीचं दूध संपलं. तिच्या वडलांच्या हातात किल्ली तशीच, पण त्या किल्लीनेच टेबलावर ठेका धरलेला!

तेवढ्यात बबनला आठवलं. "गानी ऱ्हाऊ दे. टिकाऊ जोडी कंची, त्याचा निकाल लागलाच पायजे! पाव्हनं लावतील, ते आपल्यातलं कुनाला वळखत नायत."

सगळ्यांनी रेवतीच्या वडलांना घेरलं. गृहस्थ सरळमार्गी. चष्मा पुसला, एकेक अल्बम बघून समोरची जोडी न्याहाळायला लागले. फिरत फिरत आमच्यापाशी आले. मी छाती काढून उभा. शेजारी आमची सुमन. त्यांनी फोटो बघितला. तिच्याकडे बघितलं, खूश झाले. पुन्हा फोटो बघितला, मग माझ्याकडे बराच वेळ बघितलं. आणि आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "वहिनी, तुम्ही अगदी तशाच आहात हो. आणि फोटोतले हे... तुमचे पहिले यजमान का?"

सुमनने पापणीसुद्धा लववली नाही. पदर डोळ्याला लावला.

"व्हय भाऊ. लई गुनाचे व्हते. हे नंतरचे."

शेड हादरली! आपली चूक कळल्यावर रेवतीचे वडील तर हसून हसून खुर्चीवरून घसरले. डोळे पुसत लेकीला म्हणाले, "सामान राहू दे तुझं. पुढच्या रविवारी तुझ्या आईला घेऊन येतो. आमचाही अल्बम आहे."

आता दर रविवारी तिथे गर्दी असते. कुणी कॅसेटी आणतं, कुणी फोटो. मीही जातो, न जाऊन सांगतो कुणाला? पण कर्जतच्या बाजारात आता मला दत्तू कुणी म्हणत नाही. लांबून हाक येते, "काय नंतरचे, बरं हाय ना?"