ट्रंककॉलमावशींचा नंबर

ट्रंककॉलमावशींना घाई झालेली मी कधी पाहिली नाही. दूध वर आलं तरी त्या ओट्याकडे अशा निघायच्या की दुधानेच जरा दम धरावा. डोंबिवलीत सकाळी सगळेच तोंडात घास घेऊन घराबाहेर पडतात. तेव्हा आमच्या तळमजल्यावरच्या या बाई दारात उभ्या राहून प्रत्येकाला "सावकाश जा" म्हणून सांगायच्या. आम्ही मनातल्या मनात चरफडायचो आणि हसून हो म्हणायचो.

त्यांची सगळी नोकरी कल्याणच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली होती. तेव्हा परगावी बोलायचं तर आधी ट्रंककॉल नोंदवायचा आणि लाइन मिळेपर्यंत फोनपाशी बसून राहायचं, हे आताच्या मुलांना सांगूनही पटत नाही. मावशी पलीकडच्या बाजूला. लोक वैतागायचे, ओरडायचे, ओळखी सांगायचे. या आपल्या गोड आवाजात "तुम्ही रांगेत आहात" एवढंच सांगायच्या. बोलणं लांबलं की मध्ये येऊन "तीन मिनिटं झाली, पुढे बोलायचंय?" असं विचारायच्या. निवृत्त झाल्या तरी ती सवय काही सुटली नाही. आम्ही दोघीतिघी जिन्यात गप्पा मारत उभ्या राहिलो की आतून आवाज यायचा, "तीन मिनिटं झाली." नाव पडलं ते त्यामुळेच, आणि त्यांना ते ठाऊक होतं.

वाचनाचं मात्र त्यांना वेड. डोळ्यांनी दगा द्यायला सुरुवात केली तेव्हा छापील पुस्तकातली अक्षरं एकमेकांत मिसळायला लागली. त्यांच्या मुलीने टॅब पाठवला, आमच्या वाचनालयाने त्याच सुमारास ई-पुस्तकं द्यायला सुरुवात केली, आणि मी वरच्या मजल्यावरून खाली येऊन ते सगळं जोडून दिलं. अक्षरं त्यांनी इतकी मोठी करून घेतली की एका पानावर जेमतेम दोन वाक्यं मावायची. पानं उलटून बोट दुखतं अशी तक्रार त्या मोठ्या कौतुकाने करायच्या.

पहिलंच पुस्तक मागितलं तर रांग. माझं डोकंच फिरलं. जे पुस्तक कागदाचं नाही, फाटत नाही, कपाटात मावायची अडचण नाही, त्यासाठी दोन-दोन महिने थांबायचं कशाला? मी मावशींना घेऊन वाचनालयात भांडायला गेले. काउंटरवरचे म्हात्रे गरीब स्वभावाचे. त्यांनी समजावलं की प्रती विकत घ्याव्या लागतात, या पुस्तकाच्या दोनच घेतल्यात, त्यामुळे एका वेळी दोघांनाच वाचता येतं. मी आणखी काही बोलणार, तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "म्हणजे लाइन दोनच आहेत. मग बरोबर आहे." आणि माझं भांडण तिथेच मिटवून मला घरी घेऊन आल्या.

ते पुस्तक मिळालं, वाचून झालं, आणि एका सकाळी मावशी इस्त्रीची साडी नेसून, टॅब रुमालात गुंडाळून निघाल्या. कुठे म्हणून विचारलं तर पुस्तक परत करायला. ते आपोआप जातं, नाहीतर इथे बसूनही परत करता येतं, हे मी परोपरीने सांगितलं. त्यांना ते पटेना. कोणाची वस्तू आपण घरात बसून कशी परत करायची? शेवटी म्हात्रेंनी काउंटरवर टॅब हातात घेतला, परतीचं बटण दाबलं आणि "मिळालं हो पुस्तक" असं सांगितलं, तेव्हा त्यांचं समाधान झालं. पुढेही वाचून झालेलं प्रत्येक पुस्तक त्या अशाच परत करून आल्या.

आपल्या पुढे कितीजण आहेत एवढंच टॅबवर दिसायचं, ते कोण आहेत ते दिसायचं नाही. मावशी तेवढ्यावरही माणसं ओळखायच्या. आकडा हलला नाही की म्हणायच्या, याने उघडलेलंच नाही. एकदा टिटवाळ्याला त्यांच्या पुतणीच्या नव्या जागेत सत्यनारायण होता. तिथे शेजारी बसलेल्या बाई बोलता बोलता म्हणाल्या की त्यांनीही आमच्याच वाचनालयातून एक पुस्तक घेतलंय, पण वेळच होत नाही. नाव विचारलं तर मावशी ज्याच्यासाठी थांबल्या होत्या तेच. मावशींनी प्रसादाची वाटी खाली ठेवली आणि एक्स्चेंजमधल्या आवाजात सांगितलं, "बोलत नसाल तर लाइन सोडा." बाईंना आधी काहीच कळलं नाही. कळल्यावर त्यांनी तिथेच मोबाइल काढून पुस्तक परत केलं. पुढचा नंबर अर्थात मावशींचा नव्हताच, भलत्याच कोणाचा होता. तरी त्या खुशीत घरी आल्या.

एका घराण्याची तीन भागांतली कादंबरी त्या वाचत होत्या. दोन भाग संपले आणि तिसऱ्याला भली मोठी रांग लागली. नेमकं तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं की एक डोळा गेल्यातच जमा आहे, दुसऱ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय, इंजेक्शनं देऊन जेवढं टिकेल तेवढं टिकवू. परतताना रिक्षात त्या एवढंच म्हणाल्या, "तिसरा भाग तेवढा व्हायला हवा गं."

पुढच्या खेपेला म्हात्रेंना मी सगळं सांगितलं. माणूस चांगला. लगेच म्हणाले, मावशींना वर घेतो, कोणाला कळणारही नाही. मी घ्या म्हणाले. मावशींनी नकाराची मान हलवली.

"माझ्या पुढे आहेत त्यांचे डोळे कसे आहेत, तुम्हाला ठाऊक आहे का म्हात्रे?"

म्हात्रेंनी रांग होती तशीच राहू दिली. माझा मात्र खूप संताप झाला होता, आणि घरी येईपर्यंत मी मावशींशी बोलले नाही.

नंबर लागला तोवर बराच उशीर झाला होता. मान तिरकी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून त्या एकेक शब्द पकडायच्या. मी वाचून दाखवते म्हटलं तर नको, मला माझ्या चालीने जाऊ दे. मुदत संपली आणि पुस्तक त्यांच्या हातातूनच नाहीसं झालं. शेवटची चार प्रकरणं राहिली होती. मला वाटलं, आता तरी चिडतील. त्या टॅबचा पडदा रुमालाने पुसत म्हणाल्या, "लाव परत नंबर."

आम्ही पुन्हा रांगेच्या शेपटाला. ते सगळे महिने त्या भाजी निवडता निवडता मला कादंबरीचा शेवट सांगायच्या, दर आठवड्याला नवा. एकात धाकटी सून घर सोडून जायची, एकात थोरल्याचा सगळा डाव उलटायचा. पुन्हा नंबर लागला तेव्हा निवडलेली भाजी कुठली आणि देठं कुठली तेही त्यांना दिसत नव्हतं. या वेळी त्यांनीच मला हाक मारली. मी रोज दुपारी खाली जाऊन वाचलं. शेवटचं पान संपल्यावर त्या म्हणाल्या, "लिहिणाऱ्या बाईंनी शेवटी घाई केली." मी हसता हसता रडले. मुदत बरीच शिल्लक होती. तरी टॅब रुमालात गुंडाळून आम्ही म्हात्रेंकडे पुस्तक परत करून आलो.

परत येताना त्यांनी मला आणखी एका पुस्तकासाठी नंबर लावायला सांगितलं. कोणतं म्हणून विचारलं.

"कोणतंही. रांग मोठी असलेलं बघ."

"आणि मावशी, वाचणार कोण?"

"तू. म्हणजे तुला तोवर खाली येत राहायला लागेल."

मी सगळ्यात मोठी रांग शोधून त्यांचं नाव लावलं. रोज दुपारी खाली जात राहिले. आकडा हळूहळू उतरत होता, आणि तो उतरू नये असं मला वाटायचं. श्रावणात, दुपारच्या झोपेतच, मावशी गेल्या. तेव्हाही त्यांनी घाई केली असं कोणी म्हणालं नाही. मी मात्र म्हणाले.

टॅब मुलीने मलाच दिला. मी कधीमधी तो उघडून बघायचे. मावशींचं नाव रांगेत होतं, पुढे सरकत होतं, आणि तेवढ्यापुरत्या त्या कुठेतरी वाट बघत बसल्यासारख्या वाटायच्या. त्यांना हे अजिबात आवडलं नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी माझ्याने बरेच दिवस झालं नाही.

काल ते नाव मी काढलं. त्यांच्या मागे थांबलेल्या सगळ्यांचा नंबर एकेकाने वर सरकला असेल. कोणाला तरी वाटलं असेल, चला, आज रांग हलली.