समुद्रकाकडीचे पाय

मी शिरूर कासारची. आमच्याकडे प्यायचं पाणी टँकरने येतं, आणि मी अभ्यास करते तो समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या प्राण्यांचा. यावरून गावाने माझी इतकी थट्टा केली आहे की आता मीच आधी करून टाकते.

एका दुष्काळात, प्रयोगशाळेतल्या माझ्या टेबलावर, बरणीत एक समुद्रकाकडी होती. नाव काकडीचं, पण हा मऊ, लांबट प्राणी आहे. पोटाखाली पाय असतात आणि तळाचा चिखल खाऊन तो जगतो. तळातून वर काढल्यावर जहाजावर घेतलेल्या फोटोत ती पिकल्या जांभळाच्या रंगाची होती, स्पिरिटात पडल्यावर पांढरीफटक झाली. ही जात आजवर कुणी नोंदवलेली नाही असं मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं. पण नुसतं वाटून भागत नाही. नव्या जातीचं वर्णन लिहायचं म्हणजे तिच्या अंगावरचं सगळं मोजायचं आणि जवळच्या जुन्या जातीशी ताडून बघायचं. कातडीतले चुन्याचे बारीक कण दोघींचे सारखेच निघाले. निवाडा पायांवर आला. जुन्या जातीला पाय आठ, आणि माझ्या तक्त्यातही आठच. प्रयोगशाळेच्या सरांनी तक्ता पाहिला, ही जुनीच आहे, सोडून द्या म्हणाले. मी इतकी चिडले की बरणी कपाटात कोंबली, रजा टाकली आणि गावी आले.

आई घरी नव्हती. दूध संस्थेने जनावरांसाठी चारा छावणी उघडली होती, तिथे आमच्या दोन गाई घेऊन ती राहत होती. निम्मा गाव तिथेच होता. बायका एकमेकींच्या गाईंना नावं ठेवत होत्या आणि मजेत होत्या. मी आईच्या ताडपत्रीखाली बसले आणि राग घालवायला वहीतलं काकडीचं अर्धवट चित्र पुरं करू लागले. शेजारच्या पानावर तो तक्ता होता.

आई वाकून बघू लागली. हे चिखल खाऊन जगतं म्हटल्यावर, निदान तिकडं चिखल तरी हाय, म्हणाली. तिला अक्षरं येत नाहीत, आकडे येतात. चित्रावर बोट ठेवत तिने पाय मोजले आणि तक्त्याकडे पाहिलं.

"सोळा हायेत की. तू आठ कावून लिवलंस?"

आठच आहेत, असं मी ठसक्यात म्हणाले आणि मोजून दाखवू लागले, तर दर आकड्याला माझं बोट दोन पायांवर पडत होतं. आई आणि दादा, म्हणजे माझे वडील, दरवर्षी ऊसतोडीला जायचे. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाने टोळी किती म्हणून विचारलं की मी पोरगी बोटांवर जोड्या मोजायची आणि बारा म्हणून सांगायची. माणसं असायची चोवीस. ती मोजणी अंगात इतकी मुरली होती की समोरासमोरचे दोन पाय मी एक धरले होते. डॉक्टरेट झालेली बाई मी! मला हसू आवरेना.

आई मात्र हसली नाही.

"मुकादमाला आमी दोगं मिळून एक. पन ऊस म्या बी तोडलाय. ह्येचा पाय न् पाय येगळा मोज."

मी तिथूनच सरांना फोन लावला. त्यांनी बरणी काढली, भिंगाखाली धरली आणि मोजत बसले. तेवढ्या वेळात गाईने माझ्या ओढणीचं टोक चघळून टाकलं. सोळा, सर म्हणाले, आणि पुन्हा मोजून पुन्हा सोळाच म्हणाले. जात नवी होती. मी नाचलेच. आनंदाने माझे डोळे वाहत होते आणि आई गाई बुजतील म्हणून मला दटावत होती. पोरीला नवं जनावर सापडलंय, असं तिने छावणीभर सांगितलं. दूध किती देतं, हे एकीने लगेच विचारलं.

वर्णन छापून आलं तेव्हा त्यात एक वाक्य मी हट्टाने ठेवलं होतं. आईला ते मराठीत वाचून दाखवलं: पाय सोळा, प्रत्येक पाय स्वतंत्र मोजला आहे.

तिने हातातली चाऱ्याची पेंढी खाली ठेवली.

"पुन्यांदा वाच," ती म्हणाली.